उठून आलेल्या माणसांचं नागरिकत्व: झाडीपट्टी ते मेळघाट, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अर्जनवीस आहे. पूर्व विदर्भातल्या एका तहसीलच्या आवारात चिंचेखाली माझं टेबल असतं. माझ्या आधी तिथं वडील बसायचे. उत्पन्नाचा दाखला, वारसान, फेरफार यांचे अर्ज रोजचेच. पण गेल्या पाच-सहा वर्षांत एक वेगळाच प्रश्न टेबलापाशी येऊ लागलाय. माणूस इकडेतिकडे बघतो, आवाज खाली आणतो आणि विचारतो, "भाऊ, आमाले काही होणार तर नाही ना?" असे जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, ते इथं उत्तरांसह लिहिले आहेत.

आम्ही इथंच जन्मलो, इथंच म्हातारे झालो. मंग आमाले कागद काऊन मागतेत?

कारण कायदा माणूस किती वर्षं राहिला एवढंच बघत नाही. तो कधी जन्मला, कुठं जन्मला आणि त्याचे आईवडील कोण, हे विचारतो. पिढ्यान् पिढ्या एकाच गावात असलेल्या कुणब्याला किंवा पोवाराला हे कोणी विचारत नाही. त्याचं उत्तर सातबाऱ्यावर, कोतवाल बुकात म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत आणि पाटलाच्या तोंडी असतं. ज्याला कोणीतरी गावातून उठवलं, त्याचं उत्तर मागं राहिलेलं असतं. म्हणून संशय आला की पहिला त्याच्यावर येतो.

निर्वासित, विस्थापित, शरणार्थी, घुसखोर हे सगळे एकच का?

नाही, आणि हे शब्द एकमेकांच्या जागी वापरल्यानं आपल्या भागात फार नुकसान झालं आहे. देशाची सीमा ओलांडून जीव वाचवायला आला तो निर्वासित किंवा शरणार्थी. देशातल्या देशात धरणानं, अभयारण्यानं किंवा हिंसेनं उठवला गेला तो विस्थापित. धरणवाल्याला सरकारी भाषेत प्रकल्पग्रस्त म्हणतात. 'घुसखोर' हा कायद्यातला शब्दच नाही. नागरिकत्व कायद्यात 'बेकायदा स्थलांतरित' आहे. वैध कागदाविना आत आलेला किंवा मुदत संपूनही राहिलेला परदेशी माणूस, असा त्याचा अर्थ.

निर्वासितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. १९५१ च्या जागतिक निर्वासित करारावर भारताची सही नाही. त्यामुळे कोणाला ठेवायचं, कोणाला काय द्यायचं हे त्या त्या वेळच्या सरकारी आदेशांवर ठरत आलं. तिबेट्यांना एक नियम, पूर्व पाकिस्तानातून आलेल्यांना दुसरा.

विदर्भाच्या खेड्यांत अशी माणसं आहेत तरी कोण?

मूलचेरा, चामोर्शीकडे गेलात तर सुंदरनगर, विवेकानंदपूर अशी गावं लागतील. घरापुढं तुळस, मागं पुकुर म्हणजे तळं, आणि शाळेत बंगाली. अर्जुनी मोरगाव तालुक्यात अरुणनगर आहे. ही माणसं पूर्व पाकिस्तानातून आली. बहुतेक नमःशूद्र, म्हणजे बंगालमधली एक दलित जात. बरेच जण रायपूरजवळच्या माना छावणीत महिनोन्महिने काढून १९६० च्या दशकात जंगल तोडून वसवलेल्या या गावांत उतरले. त्याच अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळ प्रतापगडला, १९७२ पासून नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे.

हे झाले सीमेपलीकडचे. सीमेच्या आतले त्याहून कितीतरी जास्त. वैनगंगेवरच्या गोसीखुर्दनं उठवलेली भंडारा, नागपूर जिल्ह्यांतली गावं, मेळघाटातून अकोट तालुक्यात आणलेले कोरकू, ताडोब्यातून बाहेर काढलेली गावं, नक्षली हिंसेच्या भीतीनं तालुक्याच्या गावी येऊन राहिलेली माडिया-गोंड कुटुंबं. आणि ज्यांना कधी गावच मिळालं नाही ते फासेपारधी.

आधार आहे, रेशन कार्ड आहे, मतदानही करतो. एवढं पुरे नाही का?

रोजच्या व्यवहाराला पुरे, नागरिकत्वाला नाही. आधार कायद्यातच लिहिलंय की आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा पुरावा नव्हे. वर्षात १८२ दिवस भारतात राहिलेल्या परदेशी माणसालाही आधार मिळू शकतं. रेशन कार्ड धान्यासाठी. मतदार यादीत नाव असणं ही जमेची बाजू, पण वाद झाला तर तेवढ्यावर निभावत नाही.

वडिलांच्या काळात असं नव्हतं. गावचा कोतवाल ओळखायचा, तेवढ्यावर काम व्हायचं. आता कोतवालाची ओळख संगणकात भरता येत नाही.

मग नागरिक कोण, हे नेमकं ठरतं कसं?

इथं थोडा वेळ द्या. सगळ्यात जास्त घोटाळा इथंच आहे.

१९५५ च्या नागरिकत्व कायद्यात जन्मानुसार तीन टप्पे पडतात. २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ च्या आधीपर्यंत जो भारतात जन्मला, तो नागरिक. आईवडील कुठले होते हे बघत नाहीत. १ जुलै १९८७ पासून ३ डिसेंबर २००४ च्या आधीपर्यंत जन्मलेल्याच्या आईवडिलांपैकी एक जण नागरिक हवा. त्यानंतर जन्मलेल्याचे दोघंही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला.

उदाहरण घेऊ. एक बाई १९६७ साली मूलचेऱ्याच्या एका बंगाली गावात जन्मली. तिचे आईवडील छावणीतून आले, त्यांच्याकडे काहीच नाही. तरी ती जन्मानं नागरिक. तिचा मुलगा १९९० चा, आई नागरिक म्हणून तोही नागरिक. त्याची मुलगी २०१२ ची. आता सूनबाई कोण हे महत्त्वाचं झालं. सून इथलीच असेल तर प्रश्न नाही. ती कागदाविना बांगलादेशातून आलेली असेल, तर ज्या घरात आजी आणि बाप नागरिक, त्याच घरातली ही पोर जन्मानं नागरिक ठरत नाही. तीन पिढ्या एका छपराखाली आणि कायद्याच्या तीन खणांत, हे मी लोकांना कागदावर रेघा ओढून दाखवतो, तेव्हा कुठं समजतं.

म्हणून माझा आग्रह असतो की घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या, पण भारतात जन्मलेल्या माणसाचा पुरावा आधी शोधा. सगळी साखळी त्याच्यावर लटकलेली असते.

शाळेत गुरुजींनी जन्मतारीख १ जुलै लिहिली. त्यानं काही बिघडतं का?

बहुतेकांचं नाही बिघडत, पण एका वर्षात जन्मलेल्यांचं बिघडू शकतं. घरच्यांना तारीख आठवत नसली की गुरुजी सरसकट १ जून किंवा १ जुलै टाकायचे. खेड्यातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो तो त्यामुळं. आता कायद्यातली तारीखही नेमकी १ जुलै १९८७. ज्याच्या टीसीवर ती तारीख आहे, तो मार्चमध्ये जन्मलेला असला तरी कागदोपत्री दुसऱ्या टप्प्यात जातो आणि आई किंवा बाप नागरिक होता हे सिद्ध करणं त्याच्या अंगावर येतं. अशांनी कोतवाल बुकातली मूळ नोंद काढून ठेवावी. तिथं बहुधा खरी तारीख सापडते.

२०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यानं (सीएए) आम्हा बंगाली लोकांचं काम झालं ना?

काहींचं होऊ शकतं, आपोआप कोणाचंच होत नाही. अफगाणिस्तान, बांगलादेश आणि पाकिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांना अर्ज करता येतो. नियम ११ मार्च २०२४ ला आले. अर्ज ऑनलाइन. जिल्ह्याची समिती डाक अधीक्षकांच्या अध्यक्षतेखाली असते. त्या देशातून आल्याचा एक पुरावा आणि तारखेआधी भारतात शिरल्याचा एक पुरावा लागतो. छावणीचं कार्ड, बॉर्डर स्लिप, जुनं रेशन कार्ड असं काही पेटीच्या तळाशी असेल तर लॅमिनेशन करू नका. अस्सल कागद तसाच ठेवा.

गडचिरोलीत हमखास विचारतात की आदिवासी भागात हा कायदा लागू नाही ना? ती सूट ईशान्येकडच्या, घटनेच्या सहाव्या अनुसूचीतल्या आदिवासी भागाला आणि जिथं शिरायला परवाना लागतो त्या इनर लाइन परमिटच्या राज्यांना आहे. आपला आदिवासी भाग घटनेच्या पाचव्या अनुसूचीतला, त्याला ती सूट नाही.

जो इथं १९८७ च्या आधी जन्मला त्यानं हा अर्ज करू नये असं मी स्पष्ट सांगतो. तुम्ही आधीच नागरिक आहात. अर्ज करणं म्हणजे 'मी परदेशी आहे' असं स्वतःच्या हातानं लिहून देणं. मागं एकानं घाईघाईत, कोणाच्या तरी सांगण्यावरून तसा अर्ज भरायला काढला होता. त्याची आई चामोर्शी तालुक्यात जन्मलेली, तो स्वतः १९७९ चा. हातातला फॉर्म ठेवायला लावला.

या कायद्यात मुसलमान नाही, आणि श्रीलंकेतला तमिळही नाही. जीव वाचवायला धावणाऱ्याची जात-धर्म विचारून दार उघडावं, हे मला पटत नाही.

आता २०२४ पर्यंत आलेल्यांनाही नागरिकत्व मिळतं असं ऐकलं.

चुकीचं ऐकलं. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांबाबतचा नवा कायदा लागू झाला आणि १९४६ चा जुना गेला. त्यासोबतच्या आदेशात याच सहा धर्मांच्या, ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या लोकांना पासपोर्ट नसल्याबद्दलच्या कारवाईतून सूट दिली. ती शिक्षेतून सूट आहे, नागरिकत्व नाही. नागरिकत्वाची तारीख अजून ३१ डिसेंबर २०१४ च आहे.

आम्ही नमःशूद्र. जातीचा दाखला का मिळत नाही?

पश्चिम बंगालमध्ये नमःशूद्र अनुसूचित जातीत आहेत, महाराष्ट्राच्या यादीत नाहीत. यादी राज्यवार असते. ज्या समाजानं जातीमुळं तिकडं सोसलं आणि फाळणीमुळं उठून आला, त्याला इथं खुल्या गटात उभं राहावं लागतं. त्यात जंगलजमिनीचा हक्क मागायचा तर वनहक्क कायद्यात आदिवासी नसलेल्याला १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवायचा. १९६४ साली आलेला माणूस तो कुठून दाखवणार? नागरिक असूनही अर्धा हक्क, असं हे आहे.

प्रतापगडचे तिबेटी मतदान करू शकतात का?

१९५० ते १९८७ च्या टप्प्यात इथं जन्मलेले करू शकतात. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१० साली तिबेटी मुलीला जन्मानं नागरिक मानलं आणि २०१४ मध्ये निवडणूक आयोगानं अशांची नावं यादीत घ्यायला सांगितलं. बाकीच्यांकडं परदेशी म्हणून नोंदणीचं प्रमाणपत्र असतं, ते मुदतीत नवं करावं लागतं.

हक्क असूनही पुष्कळ जण नागरिकत्व घेत नाहीत. आपण भारतीय झालो तर तिबेटचं गाऱ्हाणं कोण मांडणार, असं त्यांना वाटतं. हिवाळ्यात स्वेटर विकायला गावोगाव जाणाऱ्या या माणसांना आपण कधी हे विचारलंच नाही.

फासेपारध्यांचा यात काय संबंध? ते तर इथलेच.

इथले आहेत, म्हणूनच त्यांची गोष्ट लक्षात ठेवायला हवी. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढं एकेक जमात त्या यादीत घातली. कोणी काय केलं ते बघायचंच नाही. ज्या जमातीत जन्मला त्यावरून तो गुन्हेगार. हजेरी लावायची, परवान्याशिवाय हलायचं नाही. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, पण सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि पोलीस पाटलाच्या डोक्यातली यादी तशीच राहिली. चोरी झाली की बेड्यावर, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवर, धाड. धाड पडली की पळायचं. पळालं की झोपडीतले कागद जळाले किंवा हरवले. कागद नाहीत म्हणून रेशन नाही, शाळा नाही, आणि पुन्हा संशय.

सुरक्षेच्या नावाखाली आधी संशय घेतला आणि त्या संशयानंच माणसाला बेघर, बेकागद केलं, हे आपल्या अमरावती-यवतमाळच्या मातीत घडलेलं आहे. आज कोणाला 'परका' ठरवताना मला तेच आठवतं.

धरणात किंवा वाघासाठी गाव गेलं. आमचं नागरिकत्व तर पक्कं आहे ना?

पक्कं आहे. पण नागरिकत्व अंगात येतं ते गावामार्फत, आणि गाव गेलं की ते पातळ होतं. मेळघाटचं बघा. धारणी आणि चिखलदरा तालुके पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात येतात. तिथल्या ग्रामसभेला पेसा, म्हणजे अशा क्षेत्रातल्या ग्रामसभांसाठीच्या कायद्यानं जमिनीवर, गौण वनोपजावर बोलण्याचा अधिकार आहे. तिथून उठवून कोरकू कुटुंब अकोट तालुक्यात आणलं की ते अनुसूचित क्षेत्राबाहेर पडतं. जमात तीच, आरक्षण तेच, ग्रामसभेचं बळ मात्र गेलं. कुटुंबामागं १० लाखांच्या पॅकेजमध्ये याची किंमत कोणी धरली नव्हती. जानेवारी २०१९ मध्ये पुनर्वसित गावांतले लोक पुन्हा जंगलात जाऊन बसले, वनखाते आणि पोलिसांशी झटापट झाली, दोन्हीकडची माणसं जखमी झाली. पेपरात ती बातमी कायदा-सुव्यवस्थेची म्हणून आली.

गोसीखुर्दचं भूमिपूजन १९८८ चं. तेव्हा जन्मलेलं पोर आज चाळिशीला टेकलंय आणि त्याचं जन्मगाव पाण्याखाली आहे. प्रकल्पग्रस्ताचा दाखला जपा, नोकरीत ५ टक्के समांतर आरक्षण त्यावर मिळतं. बुडालेल्या गावाचं दप्तर कोणत्या साझ्याला जोडलं हे तलाठ्याकडून लेखी घ्या.

बस्तरमधून पळून आलेल्यांचं काय?

२००५ च्या जूनपासून तिथं नक्षल्यांविरुद्ध आदिवासी तरुणांच्या हाती हत्यार देणारी सलवा जुडूम ही मोहीम सुरू झाली. गावं रिकामी झाली आणि हजारो गोंड-कोया जंगलातून तेव्हाच्या आंध्रात, आजच्या तेलंगणात गेले. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आदिवासी तरुणांना असं शस्त्र देणं घटनाबाह्य ठरवलं. पळालेले मात्र बहुतेक परतले नाहीत. सीमा ओलांडली ती राज्याची, तरी नव्या राज्यात जमातीचा दाखला नाही आणि कसलेली जमीन वनखात्याची. हिंसेनं देशातच विस्थापित झालेल्यांसाठी आपल्याकडे कायदाच नाही. एक धागा आहे. वनहक्क कायद्यात १३ डिसेंबर २००५ पूर्वी बेकायदा हुसकावलेल्यांना पुनर्वसनाचा हक्क दिला आहे. त्यावर दावा करता येतो, पण तारखेचा पुरावा लागतो.

पण देशाची सुरक्षा महत्त्वाची नाही का? बोगस दाखले निघतात हे खरंच आहे.

महत्त्वाची आहेच. सीमेवर कोण येतं हे सरकारनं बघायलाच हवं आणि पैसे घेऊन खोटे दाखले देणाऱ्याला तुरुंगात घालायला हवं. पण आपल्या जिल्ह्यांत काय झालं ते बघा. २०२५ च्या सुरुवातीला उशिराच्या जन्मनोंदणीचं काम राज्यभर थांबलं, चौकशी पथक नेमलं गेलं, अमरावती-अकोल्याची नावं रोज बातम्यांत होती. मार्चमध्ये नवी, कडक कार्यपद्धती आली. नायब तहसीलदारांच्या सहीचे दाखले, त्यांना अधिकार नव्हता म्हणून रद्द झाले. सही चुकीच्या माणसानं केली, यात अर्जदाराचा काय दोष? माझ्याकडं आलेल्यांत धनगर होते, मुसलमान विणकर होते, बौद्ध म्हाताऱ्या होत्या. त्यांच्यात एकही परदेशी मला भेटला नाही.

एक बाई आठवते. बंगाली गावातली. नवऱ्याला ठेकेदाराच्या माणसांनी मारलं, हात मोडला. तिनं तक्रार केली नाही. "ठाण्यात गेलो तर आधी आमचेच कागद मागतील," म्हणाली. ती जन्मानं नागरिक होती. तरी मारणारा मोकळा सुटला. माणूस ठाण्यात जायलाच भितो, तेव्हा गुंड निर्धास्त होतो. हा सुरक्षेचा प्रश्न नाही तर काय आहे?

पोरगा पुण्या-मुंबईला कामाला जातो, घरात बंगाली बोलतो. त्याला थांबवलं तर?

ही भीती उगाच नाही. जून २०२५ मध्ये महाराष्ट्रात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशात ढकललं गेलं आणि ते भारतीय निघाल्यावर परत आणावं लागलं. मुलाच्या मोबाइलमध्ये त्याच्या आणि आईवडिलांच्या जन्मनोंदी, टीसी, सातबारा यांचे फोटो ठेवा. सरपंच आणि पोलीस पाटलाचा नंबर ठेवा. अटक झाली तर कारण सांगावं लागतं, २४ तासांत न्यायाधीशापुढं उभं करावं लागतं, वकील मिळतो.

आपण परदेशी नाही हे सिद्ध करायचं ओझं कायद्यानं त्या माणसावरच टाकलंय, हे खरं. पण जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आसामच्या एका प्रकरणात सांगितलं की हातात काही आधार नसताना कोणालाही उचलून 'सिद्ध कर' म्हणता येत नाही.

जो खरंच नागरिक नाही, त्याला काहीच हक्क नाहीत?

आहेत. घटनेचं १४ वं आणि २१ वं कलम 'नागरिक' म्हणत नाही, 'व्यक्ती' म्हणतं. कायद्यापुढं समानता आणि जगण्याचा हक्क सगळ्यांना. अरुणाचलमधल्या चकमा निर्वासितांना हुसकावायला निघाले तेव्हा १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राज्याला हेच बजावलं होतं. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला शाळा, त्यातही नागरिकत्वाची अट नाही. मतदान, सरकारी नोकरी, माहितीचा अधिकार मात्र नागरिकांनाच.

जुने कागद शोधायचे कुठं?

आधी जिल्हा नीट ओळखा. गडचिरोली १९८२ ला झाला, त्याआधीचं दप्तर चांद्याचं. गोंदिया १९९९ ला झाला, त्याआधीचं भंडाऱ्याचं. 'आमच्याकडं नोंद नाही' हे उत्तर पुष्कळदा चुकीच्या जिल्ह्यात विचारल्यामुळं मिळतं. तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाची नक्कल मागा. शाळेत दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा मागा, वडिलांचा, आजोबांचाही. १९५४-५५ चे अधिकार अभिलेख, पेरेपत्रक, जुन्या मतदार याद्या, वाटप झालेल्या जमिनीचा पट्टा, काहीही चालतं.

नावांचा गोंधळ आधीच सोडवा. बिस्वास आणि विश्वास, मोंडल आणि मंडल ही एकाच घरात सापडतात. तिबेट्यांना आडनावच नसतं आणि फॉर्ममध्ये ते लिहिल्याशिवाय पुढं जाता येत नाही. प्रतिज्ञापत्र करा, लागलं तर राजपत्रात छापून घ्या.

वकिलाला पैसे नाहीत.

तालुका विधी सेवा समितीत जा, नाहीतर १५१०० वर फोन करा. बाई, मूल, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस, कोठडीतला माणूस यांना वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. अर्ज साध्या कागदावर मराठीत चालतो. तो लिहायचा झाला तर माझ्याकडं या. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सोबत आणा आणि पेटीही आणा, तळाचे कागद न काढता, आहे तशी.